आधी थांबायला शिका: मराठवाड्यातून स्की आणि स्नोबोर्ड शिकायला निघणाऱ्यांसाठी

जानेवारीत आपल्याकडे हुरड्याची आमंत्रणं सुरू होतात, आणि त्याच दिवसांत ओळखीतलं कुणी ना कुणी काश्मीरला गेलेलं असतं. गुलमर्गहून फोटो येतो. अंगात भाड्याचा कोट, पायात स्की, शेजारी हात धरून उभा असलेला तिथला पोरगा. अर्ध्या तासाचा हा खेळ मजेचा असतो, पण त्यात शिकणं होत नाही. पुढे हीच मंडळी मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिका-कॅनडाला जातात आणि ‘थोडं थोडं येतं की’ म्हणत तिथल्या मोठ्या रिसॉर्टच्या, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टमध्ये बसतात. अपघात होतात ते असे.

बर्फावर अजून पाय ठेवलेला नाही, पण मनापासून शिकायचं आहे, अशा आपल्या आठही जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी हे लिहितो आहे. माझं सांगणं एकच आहे. आधी थांबायला शिका, मग घसरायला. आणि हवं तिथे थांबता येईपर्यंत वर जाऊ नका, वरचं तिकीट खिशात असलं तरी.

स्की की स्नोबोर्ड?

स्कीमध्ये दोन पायांना दोन फळ्या, तोंड समोर आणि हातात दोन काठ्या. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधलेले, त्यामुळे उताराकडे आपला खांदा असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत स्की लवकर जमते, कारण पाय मोकळे असतात आणि नजर नेहमीसारखी पुढे असते. स्नोबोर्डवर सुरुवातीचे दिवस पडण्या-उठण्यात जातात. माकडहाड आणि मनगटं चांगलीच दुखतात. पण फळीच्या दोन्ही कडांवर वळता यायला लागलं की पुढची प्रगती झपाट्याने होते.

चाळिशीच्या पुढच्यांनी स्की घ्यावी असं माझं मत आहे. विशीतल्या पोरांनी मनाला येईल ते घ्यावं. गुडघ्याचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. एकाच सहलीत दोन्ही करून पाहू नका, एकही धड येत नाही.

शिकायचं कुठे

परदेशातल्या रिसॉर्टमध्ये जायचं असलं तरी पहिले धडे आपल्याच देशात घ्या. खर्च कितीतरी कमी येतो. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगम स्कीचे वर्ग चालवतं. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे हिवाळी अभ्यासक्रम आहेत. हे अभ्यासक्रम साधारण एक ते दोन आठवड्यांचे असतात, आणि रोज बर्फावर नेणारा प्रशिक्षक तुमची चूक दुसऱ्या दिवशी विसरलेला नसतो. खासगी प्रशिक्षक घ्यायचा झाला तर पर्यटन खात्याच्या नोंदणीचं ओळखपत्र बघा आणि किमान तीन-चार दिवस तोच माणूस ठरवा. जागा मोजक्या असतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास चौकशीला लागा.

माझी पसंती गुलमर्गला आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटा उतरलेला आरिफ खान याच उतारांवर तयार झाला. नवख्यांसाठी गुलमर्गच्या पठारावर, सुमारे २,६५० मीटर उंचीवर, मऊ आणि मोकळे उतार आहेत, आणि त्याच गावातून वर जाणारा गोंडोला, म्हणजे दोरावरून जाणाऱ्या बंद डब्यांची लिफ्ट, मोठा पहाड म्हणजे काय ते दाखवतो.

तारखा ठरवताना मात्र सैल हात ठेवा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर हा भरवशाचा काळ मानला जातो, पण बर्फ आता पूर्वीसारखा वेळेवर पडत नाही. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला. २०२५ मध्ये फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर ढकलाव्या लागल्या. डिसेंबरच्या नाताळात घाईने जाण्यापेक्षा फेब्रुवारी पाहा. घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर तो हिवाळा सोडून द्या.

निघण्याआधी दोन महिने

स्कीवर दम लागतो त्याहून जास्त मांड्या भरून येतात. जिना चढताना जे स्नायू काम करतात त्यापेक्षा उतरताना शरीराला आवरून धरणारे स्नायू इथे लागतात. म्हणून संभाजीनगरकरांना देवगिरीचा किल्ला हा उत्तम व्यायाम आहे. वर जा, पण खरा सराव उतरताना करा. गुडघे किंचित वाकलेले ठेवून, न धावता, एकेक पायरी आवरत खाली या. किल्ला जवळ नसेल तर कुठल्याही चार मजली इमारतीचा जिना चालतो. घरी बैठका काढा, भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर बसा, दात घासताना एका पायावर उभं राहा. आठवड्यातून चार दिवस एवढं पुष्कळ झालं.

रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी तपासणी करूनच तिकीट काढावं. आपण समुद्रसपाटीपासून फार तर सहा-सातशे मीटरवर राहतो. गुलमर्गच्या गोंडोलाचं वरचं टोक ३,९०० मीटरच्या पुढे आहे. पोचल्याच्या दिवशी वर जाऊ नका. डोकं दुखणं, मळमळ, चालताना झोक जाणं ही लक्षणं दिसली तर गोळी घेऊन ताणू नका, खाली उतरा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते बॅगेत न ठेवता अंगाजवळच्या आतल्या खिशात ठेवावं, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

कपडे

सुती कपडे घरी ठेवा. बनियन, जीन्स, शाळेचा स्वेटर यातलं काहीच बर्फावर कामाचं नाही. सुती कापड घाम पिऊन ओलं राहतं आणि थांबलात की अंग गारठवतं. याउलट लोकरीचं पाहा. पावसात भिजलेली धनगराची घोंगडीही ऊब देते, तसंच बर्फावर लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं कापड ओल सोसून गरम ठेवतं.

तीन थर करा. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ केसाळ कापडाचं ऊबदार जॅकेट, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट आणि पॅन्ट. वरचा थर, हेल्मेट आणि बूट भाड्याने मिळतात. थर्मल, हातमोजे, पायमोजे आणि गॉगल स्वतःचे घ्या. हातमोजे पाण्याने न भिजणारे हवेत. नवख्याचा हात दिवसभर बर्फातच असतो. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मागा, तसा वेगळा मिळतो.

उन्हाचं काय, असं आपल्या लोकांना वाटतं, कारण मे महिना आपण पाहिलेला असतो. पण ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो आणि दर हजार मीटरला त्यांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. नाकाच्या खालून, हनुवटीखालून चेहरा भाजतो. सनस्क्रीन तिथेही लावा. गॉगल न लावता दिवस काढला तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि दुसरा दिवस वाया जातो.

खिशात शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू ठेवा. महाशिवरात्र याच दिवसांत येते. उपवास असेल तर त्या दिवशी उतारावर सुट्टी घ्या. रिकाम्या पोटी थंडीत पाय थरथरतात, आणि पडणं बहुतेक वेळा दमलेल्या पायांमुळेच होतं.

प्रवास

नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर या पट्ट्यातल्या लोकांना सचखंड एक्सप्रेस सोयीची. तिने दिल्लीला उतरून श्रीनगरचं विमान घ्या. रेल्वेनेच जायचं असेल तर जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नास-पंचावन्न किलोमीटर. बर्फ पडलेला असेल तर टंगमर्गपासून पुढचा घाट चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच चढावा लागतो. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं, तेवढी सोय निघण्याआधी करा. येताना श्रीनगर आणि पुढच्या प्रवासात एक मोकळा दिवस ठेवा, कारण हिमवर्षावात विमानं रद्द होतात. निघण्याच्या आठवड्यात तिथल्या प्रशासनाच्या सूचना जरूर पाहा.

बूट: इथे अर्धा तास घालवा

नवख्यांचा दिवस बिघडतो तो बहुतेकदा बुटांमुळे. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो आणि त्यात सरळ चालता येत नाही. तो तसाच असायला हवा.

आधी सगळी बकलं उघडा आणि जीभ पुढे ओढा. पायात एकच मोजा, पोटरीपर्यंत ओढलेला, सुरकुती नसलेला. दोन मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची पॅन्ट बुटात कोंबू नका, वर ठेवा. पाय आत गेला की टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे ती मागच्या खोबणीत बसेल. मग गुडघे पुढे दाबून वरची बकलं लावा, नंतर खालची हलकीशी. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकतो आणि गुडघे वाकवले की तो मागे सरकतो, असा बूट तुमचा. पुढे झुकताना टाच आत उचलली जात असेल तर एक माप लहान मागा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

बूट स्कीला ज्या यंत्राने अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना पाय पिरगळू नये म्हणून ते ठरावीक जोर आला की आपोआप सुटतं. तो जोर तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की कितपत येते ते पाहून ठरवतात. वजन खरं सांगा. पाच-दहा किलो कमी सांगितले तर स्की नको तिथे सुटेल. ‘मला चांगलं येतं’ अशी फुशारकी मारली तर सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा जाईल. स्कीची लांबी नवख्याला हनुवटी ते नाक यांच्या मध्ये पुरते.

पहिला दिवस

पहिला तास सपाटीवरच काढा. एका पायात स्की घालून दुसऱ्याने ढकलत फिरा, मग पाय बदला. त्यानंतर दोन्ही स्की घालून उताराला आडवं उभं राहा आणि एकेक पाऊल बाजूला टाकत चढा. वरच्या बाजूची कड बर्फात रुतवली की स्की घसरत नाही, हे पायाला त्याच वेळी कळतं. पुढचं सगळं या कडेवर उभं आहे.

मग थांबणं. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, असा पाचर आकार करा. टाचा बाहेर ढकलल्या की आतल्या कडा बर्फ खरवडतात आणि वेग मरतो. पाचर जितकी रुंद तितकं लवकर थांबणं. टोकं एकमेकांवर चढू देऊ नका. पुढे सपाटी असलेल्या छोट्या उतारावर हे इतक्या वेळा करा, की प्रशिक्षकाने हाक मारली की त्याच जागी थांबता आलं पाहिजे. हे जमेपर्यंत वळायचं नावही काढू नका.

वळण याच पाचरेतून येतं. उजवीकडे वळायचं तर डाव्या पायावर भार द्या, डावीकडे वळायचं तर उजव्या. खांदे फिरवून काही होत नाही. नजर जिथे जायचं तिथे ठेवा, पायाकडे किंवा समोरच्या झाडाकडे नको.

भीती वाटली की माणूस मागे रेलतो. सपाट जमिनीवर ते ठीक, पण स्कीवर मागे रेललात की पुढची टोकं हलकी होतात, वळण ऐकेनासं होतं आणि वेग वाढतो. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर सतत दाबलेली राहिली पाहिजे. हात समोर, चहाचा ट्रे धरल्यासारखे. दिवसभरात प्रशिक्षक शंभर वेळा ‘आगे झुको’ म्हणेल. त्याचं ऐका.

पडणं टळत नाही, तेव्हा नीट पडा. आवरेनासं झालं की बाजूला, नितंबावर बसत पडा. हात टेकू नका. पडता पडता उठायचा प्रयत्न करू नका, गुडघ्याचे अस्थिबंध तिथेच तुटतात. घसरणं पूर्ण थांबू द्या. मग दोन्ही स्की स्वतःच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणि एकमेकींना समांतर आणा. गुडघे पोटाशी घ्या, वरच्या बाजूच्या हाताने बर्फाला रेटा द्या आणि उठा. स्की उताराच्या दिशेने असताना उठलात तर उठल्याक्षणी पुन्हा निघाल. जमलंच नाही तर काठीने मागचं बाइंडिंग दाबून एक स्की काढा. परत घालताना बुटाच्या तळव्याचा बर्फ खरवडून टाका आणि खालच्या पायाची स्की आधी घाला.

स्नोबोर्ड घेतला असेल तर

कुठला पाय पुढे ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं. मोजे घालून घरातल्या गुळगुळीत फरशीवर घसरून पाहा. जो पाय आपोआप पुढे जातो तोच बोर्डवर पुढे. पहिले धडे टाचेच्या कडेवरचे. उताराकडे तोंड करून, बोर्ड आडवा ठेवून, टाचा रुतवत हळूहळू सरळ खाली सरकायचं. नंतर तसंच डावीकडे-उजवीकडे तरंगत उतरायचं. मग उताराकडे पाठ करून पंजाच्या कडेवर हेच.

सगळ्यात जोराचा मार बसतो तो खालची कड चुकून बर्फात अडकली की. क्षणात माणूस आपटतो. म्हणून हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड लावल्याशिवाय बोर्डवर पाय ठेवू नका. पडताना मुठी बंद ठेवा. पुढे पडलात तर गुडघे आणि कोपर, मागे पडलात तर हनुवटी छातीला. स्नोबोर्डचं बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही, हेही लक्षात असू द्या.

लिफ्ट

जमिनीवरचा सरकता पट्टा सगळ्यात सोपा. नुसतं उभं राहायचं. ओढून नेणाऱ्या लिफ्टला दांड्याच्या टोकाशी चकती किंवा आडवी पट्टी असते. ती ओढते, बसवत नाही. तिच्यावर बसायला गेलात की पडलात. चेअरलिफ्टला काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, पाठीची पिशवी पुढे घ्या, खांद्यावरून मागे पाहा आणि खुर्ची गुडघ्यामागे लागली की बसा. लगेच दांडा खाली ओढा. वर पोचताना स्कीची टोकं उचला, टेकाडावर उभं राहा आणि समोर सरळ निघून बाजूला व्हा. मागची खुर्ची येतच असते. स्नोबोर्डवाल्यांनी मागचा पाय मोकळा ठेवायचा. अडलं तर लिफ्टवाल्याला सांगा, तो लिफ्टचा वेग कमी करतो. यात संकोच कसला?

गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांचा आहे. पहिला १९९८ पासून कोंगदूरीपर्यंत, दुसरा २००५ पासून अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत. पाचर आणि दोन्ही बाजूंची वळणं पक्की झाल्यावर प्रशिक्षकासोबत पहिल्या टप्प्यावरून उतरायला हरकत नाही. दुसऱ्या टप्प्याला स्की घेऊन जाऊ नका. वरचा उतार यंत्राने सारखा केलेला नसतो. तिथे हिमस्खलनं होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर पोलंडचे दोन स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक. हे अनुभवी लोक होते. डोळ्यांनी पहाड पाहायचा असेल तर साधं तिकीट काढून वर जा आणि गोंडोलानेच खाली या.

मोठ्या रिसॉर्टमध्ये गेल्यावर

गुलमर्गला तयारी झाल्यावर परदेशातल्या बहुपर्वती रिसॉर्टचा विचार करा. कॅनडातलं व्हिसलर ब्लॅककोम हे याचं चांगलं उदाहरण आहे, आणि सिॲटल-व्हँकुव्हरला आपली बरीच मुलं असल्याने जाणंही होतं. इथे दोन वेगवेगळे पर्वत आहेत. १९९७ मध्ये दोघांचा कारभार एक झाला आणि २००८ मध्ये त्यांना जोडणारा पीक टू पीक गोंडोला सुरू झाला. तो ४.४ किलोमीटर लांब आहे आणि एका पर्वतावरून दुसऱ्यावर अकरा मिनिटांत नेतो. स्की करण्याची जागा ८,१०० एकरांहून मोठी आणि खुणा केलेले मार्ग दोनशेच्या वर.

एवढ्या पसाऱ्यात नवख्याला पहिला प्रश्न पडायला हवा तो असा: मी खाली कुठून येणार? लिफ्टमध्ये बसण्याआधी नकाशावर उतरण्याचा मार्ग बोटाने काढा. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, दोन काळे हिरे म्हणजे फक्त पटाईत लोकांसाठी. युरोपात हिरवा, निळा, लाल, काळा असा क्रम. जपानमध्ये हिरवा, लाल, काळा. पण ही प्रतवारी त्या त्या डोंगरापुरती असते. गुलमर्गच्या पठारावर शिकलेल्याला व्हिसलरचा हिरवा मार्गही लांब आणि दमवणारा वाटतो.

तिथे पहिला दिवस व्हिसलर गोंडोलाच्या मधल्या थांब्यावर, म्हणजे ऑलिंपिक स्टेशनला, किंवा ब्लॅककोमच्या पायथ्याशी शिकाऊ भागात काढा. घरच्यांना येत असेल तरी त्यांच्या भरवशावर वर जाऊ नका. मुलगा चांगला स्कीअर असतो, चांगला शिक्षक असेलच असं नाही, आणि त्याचा दिवसही वाया जातो. अर्ध्या दिवसाचा वर्ग लावा.

पर्वत बदलताना वेळेचं भान ठेवा. ऐन हिवाळ्यात लिफ्ट दुपारी तीनच्या सुमारासच बंद व्हायला लागतात. पीक टू पीक बंद झाला आणि तुम्ही दुसऱ्या पर्वतावर राहिलात तर आधी स्वतः गावात उतरायचं, मग गाडी-बसचं पाहायचं. सगळ्यांनी मिळून भेटण्याची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा. डोंगरात मोबाइल थंडीने लवकर मरतो, त्याला आतल्या खिशात ठेवा. समुद्र जवळ असल्याने गावात पाऊस आणि वर हिमवर्षाव असंही होतं. खाली पाहून वरचा अंदाज बांधू नका. ढग उतरून काहीच दिसेनासं झालं तर मार्गाच्या कडेच्या खांबांच्या रेषेने हळू या.

गर्दीतले नियम थोडके आहेत आणि जगभर जवळपास सारखे. खालच्या बाजूला असणाऱ्याचा हक्क आधी, कारण त्याला मागचं दिसत नाही. वरून येणाऱ्याने टाळायचं. निघताना आणि दोन मार्ग मिळतात तिथे वर पाहा. थांबायचं तर कडेला, वळणामागे किंवा टेकाडाच्या आड नाही. कुणी पडून जखमी असेल तर त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवा, म्हणजे येणाऱ्यांना दिसेल, आणि स्की पेट्रोलला, म्हणजे डोंगरावरच्या बचाव पथकाला, कळवा. दोरी लावून बंद केलेल्या भागात पाऊल टाकू नका. जंगलातल्या झाडांच्या बुंध्याभोवती सैल बर्फाचे खोल खड्डे असतात. डोकं खाली होऊन त्यात पडलेला माणूस स्वतःहून निघू शकत नाही.

तिकीट ऐनवेळी खिडकीवर घेऊ नका, हंगामात एका दिवसाला २०० कॅनेडियन डॉलरच्या वर जातं. हंगामी आणि काही दिवसांचे पास हंगामाच्या बरेच आधी स्वस्त मिळतात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांची विक्री थांबते. प्रवास विमा घेताना ‘हिवाळी खेळ’ त्यात धरलेत का, हे लेखी विचारा. साध्या पॉलिसीत ते बहुधा वगळलेले असतात, आणि तिकडे मोडलेल्या पायाचा खर्च इकडे शेत विकून भागवायची पाळी येऊ शकते.

दुपारी शेवटच्या तासात गावाकडे जाणारे हिरवे मार्ग गच्च भरतात. दिवसभराच्या रहदारीने त्यांचा बर्फ घासून कडक झालेला असतो आणि तुमचे पाय दमलेले असतात. पुष्कळ जण जायबंदी याच वेळी होतात. म्हणून मांड्या थरथरायला लागल्या की जवळचं गोंडोला स्टेशन गाठा आणि त्यात बसून खाली या. तिथे पुष्कळ जण तसंच करतात.

खोलीवर आल्यावर बुटांचं आतलं अस्तर बाहेर काढा आणि हीटरपासून हातभर लांब ठेवून वाळवा. अगदी जवळ ठेवलं तर ते आकसतं. ओलं राहिलं तर सकाळी पाय आत जात नाही आणि गेला तरी तासाभरात बोटं बधिर होतात. बूट वाळवून बकलं हलकी लावून ठेवा, म्हणजे प्लास्टिकचा आकार बिघडत नाही.